चौथा ठोका

नाना,

इंजिनाचा तो ब्लॉक आला. तुम्ही शेवटची पाच वर्षं ज्याची वाट बघितलीत, तोच. गेल्या आठवड्यात पिंपळगावकडच्या एका माणसानं दुपारी टेम्पोतून आणला आणि आपल्या वर्कशॉपच्या दारात उतरवला. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. वेळेवर येणारं गिऱ्हाईक तुमच्या नशिबात कधी नव्हतंच, हे मनात येऊन मला आधी हसूच आलं. मग वाकून खूण बघितली आणि फरशीवर बसले.

आधीच सांगून टाकते, कारण फिरवून बोललेलं तुम्हाला आवडायचं नाही. त्या ब्लॉकला चीर आहे का हे बघायला जो खडू लावला होता, तो मी बघितलाच नव्हता. तुम्ही विचारलंत, "काय निघालं?" मी म्हणाले, "कोरडा आहे." ते खोटं होतं. पुढे जे झालं ते त्या दोन शब्दांमुळे झालं, आणि तुम्ही मात्र मरेपर्यंत खडूत, रॉकेलमध्ये आणि स्वतःमध्ये खोट शोधत राहिलात. पाच वर्षं आपण बापलेक एका ताटलीतले शेंगदाणे खात समोरासमोर बसलो, पण हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. आज पंचेचाळिशीला टेकले आहे, तेव्हा कुठे ते लिहिते आहे.

तुमची तपासायची रीत मला आजही जशीच्या तशी दिसते. जुनं इंजिन खोललेलं आहे, पिस्टन, क्रँक, हेड सगळं बाजूला काढलेलं आहे, आणि मधे नुसता ब्लॉक, ओतीव लोखंडाचा तो जड सांगाडा, धुऊन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला आहे. "ब्लॉक म्हणजे घराच्या भिंती," तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता. "बाकीचं सामान. सामान बदलता येतं. भिंत फुटली की घर गेलं." मग तुम्ही तो प्रश्न विचारता, जो ऐकून नवं गिऱ्हाईक चरकतं: "गाडीनं माणूस घेतलाय का?" हो म्हटलं तर त्या दिवशी त्या इंजिनाला पाना लावायचा नाही. हळदकुंकू वाहायचं, लिंबू ठेवायचं, काम दुसऱ्या दिवशी. मी तेव्हा डिप्लोमा करून नुकती तुमच्या हाताखाली आलेली, मला ह्याचं हसू यायचं. तुम्ही म्हणायचात, "हस. इंजिनाला काही वाटत नाही, मलाही माहीत आहे. पण माणूस गेलाय, त्याच्यासाठी एक दिवस थांबलं तर काय बिघडतं?"

त्यानंतर ठोके. आपले जुने कारागीर चाचा सिलिंडर कातायचं बोअरचं मशीन बंद करतात, चहावाला असला तरी दारातच थांबतो, कोणी बोलायचं नाही. तुम्ही डोळे मिटून छोट्या हातोडीनं ब्लॉकवर सात ठिकाणी ठोकता, प्रत्येक ठोक्यानंतर आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबता. बाई माठ वाजवून घेते तसंच ते. चांगला ब्लॉक खणखणतो आणि आवाज लांबतो. चीर गेलेला मंद बोलतो, लगेच गप्प होतो. कुठे शंका आली तर तुम्ही पुढच्या जागेवर जात नाही, तिथेच पुन्हा एकदा ठोकता. आणि शेवटी खडू. ब्लॉकला रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं, कोरड्या कापडानं चकचकीत पुसायचं, वरून खडू फासायचा आणि उन्हात ठेवून बघत बसायचं. चीर असली तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटते. तासभर नुसतं बघत बसायचं काम. खडू कोरडा राहिला तर टोकदार पोलादी पंचनं ब्लॉकवर तीन ठिपके मारायचे, तीच तुमची खूण. त्या तीन ठिपक्यांवर नाशिकपासून पेठ-सुरगाण्यापर्यंत लोक डोळे झाकून इंजिन विकत घ्यायचे.

मी खोटं बोलले त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बोलला होतात. एका ट्रॅक्टरच्या ब्लॉकला मी उरकल्यासारखं दोन ठिकाणी ठोकून "ओके आहे" म्हटलं. दोन गिऱ्हाइकं उभी, चाचा उभे. तुम्ही हातोडी घेतलीत, एकदाच ठोकलंत आणि म्हणालात, "पोरी, तुला कान नाहीत. निदान डोळे तरी वापर." सगळे हसले. चाचाही हसले, ज्यांना स्वतःला हाक मारली तर तिसऱ्यांदा ऐकू येते. राग नाकाच्या शेंड्यावर असायचा आपल्या घराण्यात, माझ्याकडे तो सव्याज आलेला. मी संध्याकाळी जेवले नाही. आईनं विचारलं तर सांगितलं, मला कान नाहीत, ताट वाजलं ते ऐकू आलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तो जीपचा ब्लॉक. तुम्ही ठोकायला सुरुवात केलीत. एक, दोन, तीन, स्वच्छ. चौथ्याला थांबलात. पुन्हा चौथा. मान वाकडी करून ऐकलंत आणि म्हणालात, "इथं जरा मंद वाटतोय मला. खडूवर नीट लक्ष ठेव." क्रँक ग्राइंडिंगला घेऊन तुम्ही स्कूटरवर गेलात. मी रॉकेल लावलं, पुसलं, खडू फासला, भिंतीपाशी उन्हात ठेवला. सगळं तुमच्या रीतीप्रमाणे. आणि त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले. नानांना एवढे कान आहेत ना, मग माझे डोळे कशाला हवेत, असं मनात घोकत बसले. तुमची स्कूटर द्वारका चौकाकडून गल्लीत वळलेली ऐकली, तशी उठले, कापड घेतलं आणि खडू सगळाच्या सगळा पुसून टाकला. मान दुसरीकडे वळवून पुसला, नाना. विसरले असते, घाई झाली असती, तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं. मी मुद्दाम बघितलं नाही.

तुम्ही विचारलंत आणि मी ते उत्तर दिलं. मला वाटलं होतं, तुम्ही पुन्हा ठोकून बघाल, पुन्हा खडू लावाल, एका शब्दानं तरी शंका घ्याल. तुम्ही मान हलवलीत, खिशातून पंच काढलात, चाळीस वर्षं वापरून डोकं चपटं झालेला तो पंच, आणि माझ्या हातावर ठेवलात. "मार तू. आजपासून तूही मारायची. माझ्या कानापेक्षा तुझे डोळे खरे." चाचांनी मशीन थांबवून टाळी वाजवली. त्या वेळी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी डावखुरी, आयुष्यात पहिल्यांदाच पंच धरलेला, तिसरा ठिपका मारताना हात सरकला आणि त्याला बारीक शेपूट फुटलं. तुम्ही हसलात. त्या खुणेला शेपूट आहे हे जगात आपल्या तिघांनाच माहीत होतं.

महिन्याभरानं पेठच्या घाटात ती जीप टोमॅटोचे क्रेट घेऊन चढत होती. चीर तापल्यावर उघडली असणार, पाणी सगळं गेलं, इंजिन जाम झालं आणि बंद पडलं. इंजिन बंद पडल्यावर त्या जुन्या गाडीचा ब्रेक दगडासारखा झाला, दाबला जाईना. गाडी मागे आली आणि वळणावरून खाली गेली. चालवणारा गेला. लग्नाला दोन वर्षं झालेला पोरगा. पंधरा दिवसांनी त्याची बायको आपल्या दारात येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "तुमी तपासलं व्हतं ना?" आणि तुम्ही म्हणालात, "हो बाई. मीच तपासलं. खूण माझी आहे." मी तुमच्या मागे हातात पाना घेऊन उभी होते. ती गेल्यावरही तो पाना मी तसाच धरून होते, चाचांनी तो माझ्या बोटांतून सोडवून घेतला.

तुम्ही जीप बघायला पोलीस चौकीत तीनदा गेलात, हात लावू दिला नाही कोणी. पुढे ती लिलावात भंगारात गेली आणि माग संपला. तेव्हापासून तुमचा एकच जप, "एकदा माझ्या हाताखाली यायला पाहिजे तो. एकदा वाजवून बघायचाय." तुम्हाला कोडं पडलं होतं. कान सांगत होता मंद, खडू म्हणाला कोरडा, आणि चाळीस वर्षांत खडू कधी खोटं बोलला नव्हता. मग तुम्ही खडूच्या मागे लागलात. मागच्या अंगणात चिरा गेलेले चार ब्लॉक मांडलेत आणि रोज दुपारी त्यांना खडू लावून बसायला लागलात. रेशनच्या रॉकेलात भेसळ असेल म्हणून दुसरीकडून आणवलंत. खडू बदललेत. ऊन कमी-जास्त करून बघितलंत. रेघ प्रत्येक वेळी उमटायची, आणि दर वेळी तुमचा चेहरा आणखी उतरायचा. "मग त्याच दिवशी का नाही उमटली?" असं तुम्ही मला विचारायचात आणि मी खांदे उडवायचे. शाळेच्या सामानाच्या दुकानातून तुम्हाला खडूचे डबे कोणी आणून दिले, नाना? मीच आणून दिले. वेगवेगळ्या जातीचे, आठवणीनं. अजून कसला खडू मिळतो का म्हणून दुकानदाराला विचारायचे सुद्धा.

स्वतः तुम्ही पुन्हा खूण मारली नाहीत, माझ्याकडूनच मारून घेतलीत. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमचं बोलणं गेलं तेव्हा उजव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी दांडीवर चालायचं. एक, दोन, तीन. थांबायचं. मग चौथा, आणि पुन्हा चौथा. नर्स म्हणाली, आजोबा काहीतरी मोजतात वाटतं. मी हो म्हटलं.

तर आता तो पिंपळगावकडचा माणूस. पन्नाशीचा, बोलायला गोड, पांढऱ्या टोपीखाली कपाळाला घाम. द्राक्षांच्या काढणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर बाया येतात, त्यांना बागेतून पॅकहाउसपर्यंत ने-आण करायला ह्याची जुनी जीप. इंजिन त्यानं चार वर्षांपूर्वी मालेगावच्या भंगारातून घेतलेलं, त्याआधी म्हणे ते कुठल्याशा विहिरीवर पाणी उपसायला होतं. "बोअर-पिस्टन तेवढं करून द्या ताई," तो म्हणाला. "ब्लॉक बघायची गरज नाय. नानांची खूण हे त्याच्यावर. ती बघूनच घेतलं मी. आमच्या वडलांचा ट्रॅक्टरबी नानांच्याच हातचा व्हता." मी तुमचा प्रश्न विचारला. आता मीही विचारते, हसत नाही. गाडीनं माणूस घेतलाय का? तो म्हणाला, "नाय हो. माझ्याकडं तरी नाय." मग जरा घुटमळला. "पन खरं सांगू का, बाया बसायला नको म्हन्त्यात. गाडी बंद केली ना, की आतून कोन तरी ठोकतं."

मी म्हटलं, तापलेलं लोखंड निवताना टकटक करतंच, सगळ्याच गाड्या करतात. त्यानं मान हलवली. "ते मलाबी कळतंय ताई. तीस वर्सं गाड्याच चालवतोय. पन हे मोजून ठोकतं."

तेव्हा मी वाकले आणि चिखलाच्या थराखालून खूण पुसून काढली. तीन ठिपके. तिसऱ्याला शेपूट. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी आणायला तो धावला, इतका भला माणूस. मी त्याला सांगितलं, चार दिवसांनी या, बघून सांगते. काय बघायचं होतं हे मला चांगलं माहीत होतं.

ब्लॉक कॉस्टिक सोड्यात उकळून धुतला, तेव्हा एका बाजूला भरलेला मसाला सुटून आला. कोणीतरी कधीतरी तिथे लिंपून वरून रंग मारला होता. चौथ्या ठोक्याची जागा. चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. आता बाजारात चीर बघायचा लाल स्प्रे मिळतो, दहा मिनिटांचं काम, मी एरवी तोच वापरते. पण ह्या ब्लॉकला स्प्रे मारायला मन होईना. चाचांना म्हटलं, रॉकेल पाहिजे. रॉकेल आता कुठे मिळतं बेटी, म्हणत ते गेले आणि कुणाच्या तरी घरातून पाव बाटली घेऊन आले. का हवंय हे त्यांनी विचारलं नाही. खूण त्यांनीही बघितली होती.

आठवड्यातून एकदा आपल्याकडे दिवसाची लाइट जाते, तो दिवस होता. भर दुपार, बारा-साडेबारा. कंप्रेसर बंद, मशीन बंद, शेजारच्या टायरवाल्याचं पण सगळं बंद. वरच्या पुलावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा लांबून. मी रॉकेल लावून ब्लॉक सावलीतच ठोकळ्यांवर ठेवला होता, त्याला ऊन लागलेलं नव्हतं, तो तापलेला नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. चाचा कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. आणि ठोका पडला. खणखणीत. तो विरेपर्यंत शांतता, मग दुसरा. विरेपर्यंत शांतता, मग तिसरा. मी हलले नाही. मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय, इतकी वर्षं वाजतंच आहे. तेवढ्यात चाचांनी घास हातात धरून मान वर केली. नाना, त्या माणसाला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. ते म्हणाले, "कौन ठोक रहा है?"

चौथा ठोका मंद पडला. लगेच विझला. मग थोडं थांबून तिथेच पुन्हा एकदा.

पुढे काही नाही. पाचवा, सहावा, सातवा आला नाही. आणि एक गोष्ट मला स्पष्ट कळली, की मंद म्हणजे काय ते मला पहिल्यांदा ऐकू आलं होतं. इतकी वर्षं मी ठोकते, गिऱ्हाइकांसमोर मान वाकडी करून ऐकल्याचं नाटक करते आणि मग गुपचूप स्प्रे मारून ठरवते. तुमचं बरोबर होतं, मला कान नव्हते. चाचांनी डबा झाकला, टोपी नीट केली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पूस आणि खडू लाव, बेटी. थांबलेत ते."

मी खडू लावला, उन्हात ठेवला आणि ह्या वेळी समोर बसले. रेघ यायला वीस मिनिटं लागली. आधी मुंगी बसावी तसा ओला ठिपका, मग तो दोन्हीकडे सरकत गेला, बोल्टच्या भोकापासून खाली पाण्याच्या वाटेपर्यंत, वाकडा, केसासारखा. मी बघत राहिले. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या पाठीमागे हेच असंच सरकत असणार, आणि मी रस्त्याकडे बघत रागावून बसले होते. मला रडू आलं ते त्या पोरासाठी की तुमच्यासाठी, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक माझ्यासाठीच.

त्याच वेळी तो माणूस आला. चार दिवस दम निघाला नव्हता त्याला, काढणी सुरू झालेली. तो दारातून आत येत होता, ब्लॉक त्याला अजून दिसला नव्हता, आणि माझ्या हातात कापड होतं. नाना, हात उचलला गेला. एक फटका मारला असता आणि खडू गेला असता. त्याला ब्लॉक खराब आहे एवढंच सांगायचं म्हटलं तरी तो विचारणार होता, मग नानांनी खूण कशी मारली? म्हणजे एक तर तुम्हाला चुकलेलं ठरवायचं, नाही तर तोंड उघडायचं. नाही तर पुसायचं, आणि त्या बाया बसवायच्या.

"किती बाया असतात गाडीत?" मी विचारलं. "बारा. कधी चौदा," तो म्हणाला आणि पुढे येऊन रेघ बघितली. त्याला काही शिकवायला लागलं नाही. "आन मंग नानांची खूण?"

"ती नानांची नाही," मी म्हटलं. "मी मारलीय. न बघता मारलीय." आणि मग सगळं सांगितलं, खडू, कापड, घाट, ती बाई. चाचा मशीनला टेकून उभे होते. त्यांना किती ऐकू आलं देव जाणे, पण त्यांनी मान खाली घातली आणि वर केली नाही.

त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. मग म्हणाला, "चार वर्सं ह्याच्यावर बाया बसवल्या मी. माझी सूनबी बसायची." ब्लॉकपासून दोन पावलं मागे सरला. "तुमच्या नानांचं नाव घेऊन आलो व्हतो, ताई. आता हे कोनाला सांगू नका म्हनाल, तर ते नाय जमायचं." मी म्हटलं, सांगा. त्यानं बाकीचं सामान टेम्पोत भरलं. ब्लॉककडे बोट करून म्हणाला, "हे नको मला," आणि गेला. त्यानं सांगितलं असणार. ह्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी आपली इंजिनं न खोलता परत नेली, कारण विचारलं तर म्हणाले, घाई नाही. पण तुमचं नाव आता पुसलं गेलं नाही, माझं गेलं. ते बरोबरच झालं.

त्या दिवशी आम्ही कशालाच हात लावला नाही. मी हळदकुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं, चाचांनी दोन उदबत्त्या आणल्या. दुसऱ्या दिवशी घण घेऊन ब्लॉक फोडला, पुन्हा कुठल्या गाडीत बसायला नको म्हणून. तुकडे भट्टीसाठी वजनावर गेले, मी समोर उभी राहून गाडीत टाकायला लावले. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी का होईना, तोंडातून निघालं, सुटलो आपण दोघं.

काल पुन्हा लाइट गेली. दुपारीच. ठोकळे रिकामे होते, मी स्वतः झाडून घेतले होते. चाचा नमाजाला गेलेले. एक ठोका पडला. दुसरा. तिसरा. मग चौथा, मंद, आणि थांबून पुन्हा चौथा. कशावर ठोकत होतात तुम्ही? तिथे लोखंड नव्हतं. मी ठोकळ्यांसमोर जाऊन उभी राहिले. परक्या माणसाला जे सांगितलं ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, हे मला कळत होतं. तुम्ही थांबला होतात. मी "नाना" म्हणाले. पुढचा शब्द आला नाही. लाइट आली, कंप्रेसर सुरू झाला, आणि मी कामाला लागले, कोणीतरी बघत असल्याची लाज वाटावी तशी.

म्हणून आज हे लिहायला बसले. बोलता येत नाही ते लिहून तरी काढावं. हे ठोकळ्यांवर ठेवायचा विचार होता, तुमच्या हाताखाली. पण ठेवणार नाही. कुठे ठेवायचं नाही, पोचवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहून झालं. आणि आता एवढं लिहिलंच आहे तर हेही कबूल करते: तुम्ही खरंच समोर येऊन पुन्हा विचारलंत, तर मी पुन्हा खोटंच बोलेन, कारण त्या उत्तरानंतर तुम्ही माझ्याकडे जसं बघितलं होतंत, तसं माझ्याकडे आयुष्यात पुन्हा कोणीच बघितलेलं नाही.